बिडाचा व्हाइस तुटला तर: जोडायचा की बदलायचा?

हँडलवर पाइप चढवून जरा जास्तच आवळलं, किंवा जबड्यात धरलेल्या कामावर घण घातला, की व्हाइसचा, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या टेबलावरच्या शिकंज्याचा, कोपरा हातात येतो. बीड (कास्ट आयर्न) असंच तुटतं, पोलादासारखं आधी वाकून सावध करत नाही. त्यात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. दाब कितीही आला तरी बीड सहसा सोसतं. ताण आला की मात्र तडा त्या पापुद्र्यांमधूनच वाट काढतो.

तुटल्यावर पहिली चूक होते ती तुकडे एकमेकांवर पुन्हा पुन्हा बसवून पाहण्याची. तुटलेल्या कडांचे बारीक कण त्यात झिजतात आणि सांधा नेमका बसेनासा होतो. तुकडे कापडात गुंडाळून ठेवा.

मग धातू ओळखा. साध्या बिडाचा तुटलेला भाग राखाडी दिसतो, कानस मारली की काळा भुसा पडतो आणि बोटाला काजळी लागते. ग्राइंडरवर त्याची ठिणगी आखूड, तांबूस असते, तर पोलादाची लांब आणि पिवळसर पांढरी. तुटलेला भाग पांढराशुभ्र असेल आणि कानस त्यावरून घसरत असेल, तर ते पांढरं बीड आहे; ते जोडायच्या नादी लागू नका.

आता मुख्य निर्णय. पायाचा बोल्टचा कान किंवा जबड्याचा कोपरा तुटला असेल तर खुशाल जोडा. जबड्या-प्लेटी, स्क्रू, नट, हँडल हे सुटे भाग आहेत, मिळत असतील तर सरळ बदला. तडा सरकत्या जबड्याच्या बुडाशी किंवा नट बसतो त्या भिंतीत असेल, तर आवळताना सगळा ताण तिथेच येतो. असा व्हाइस जोडून हलक्या कामाला ठेवता येतो, पण जड कामासाठी नवाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आणि जे वेगाने फिरतं, म्हणजे पुली, फ्लायव्हील, चक (लेथवर वस्तू धरणारा भाग), ते तडकल्यावर कधीही जोडू नये. फुटलं तर तुकडा गोळीसारखा सुटतो.

जोडायचं ठरलं की व्हाइस पूर्ण खोला. प्लेटी आत राहिल्या तर आचेने त्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. तड्याचं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं, म्हणून तिथे रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. आत मुरलेलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर एक बारीक काळपट रेघ उमटते. ती संपते तिथून किंचित पुढे 3 मिलिमीटरचं भोक पाडलं की तडा पुढे सरकत नाही.

तड्यावर व्ही आकाराची खाच करा, तळाशी एक-दोन मिलिमीटर कड राखा, म्हणजे तुकडे जागेवर बसतील. खाचेवर शेवटचा हात कानशीचा असू द्या. ग्राइंडरचं चाक ग्रॅफाइट पृष्ठभागावर सारवून टाकतं आणि मग त्यावर सांध्याचं पितळ धरत नाही. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल गॅस टॉर्चच्या मंद आचेने जाळून काढा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र वापरू नका, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो.

घरच्या कार्यशाळेसाठी मला पितळी ब्रेझिंग, म्हणजे सांध्यात पितळ वितळवून जोडणं, सर्वांत भरवशाचं वाटतं. ब्रेझिंगचं पितळ साधारण 900 अंश सेल्सिअसला वितळतं, बीड 1150 च्या पुढे, त्यामुळे मूळ धातू न वितळता सांधा होतो. एकटा सांधाच तापवू नका, आधी अख्खा भाग सावकाश तापवा. मग सांध्याला अंधारात दिसेल इतकी मंद लाली आली की फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारी पूड) लावलेली पितळी कांडी टेकवा. आच कमी असेल तर पितळाचा मणी होऊन घरंगळतो, योग्य असेल तर ते पसरून खाचेत शिरतं. पांढरा धूर निघाला तर आच जास्त झाली, जस्त जळतंय. तो धूर श्वासात जाऊ देऊ नका, खिडक्या-दारं उघडी ठेवा.

आर्क वेल्डिंगच करायचं असेल तर निकेलची कांडी घ्या. एका वेळी 25 मिलिमीटरचाच टाका घाला, गरम असतानाच हातोडीने हलके ठोका आणि हात लावता येईल इतकं निवेपर्यंत पुढचा टाका घालू नका.

ब्रेझिंग केलेला भाग गरम असतानाच कोरड्या वाळूत किंवा राखेत पुरा आणि रात्रभर हात लावू नका. मी एकदा दोन तासांतच बाहेर काढला. टेबलावर ठेवला आणि 'टिंग' असा बारीक आवाज आला. सांधा शाबूत होता, त्याच्या शेजारी नवा तडा गेला होता. दिवसभराचं काम वाया गेलं, त्यापेक्षा तो जुना व्हाइस गमावल्याचं वाईट वाटलं.

निवल्यावर पितळ कानशीने सपाट करा, रॉकेल-खडूची तपासणी पुन्हा घ्या आणि जबडे समांतर मिटतात का ते दोन जबड्यांमध्ये कागद धरून पाहा. दोन्ही टोकांना तो सारखाच घट्ट बसला पाहिजे. मग लाकडाचा ठोकळा धरून फक्त हाताच्या जोराने आवळा, आणि पाइप त्या टेबलापासून लांब ठेवा.