काढून टाकलेली टेबलस्पेस आणि बंद पडलेल्या डेटाबेसची रिकव्हरी

वणी किंवा हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद पडला आणि वीज आल्यावर टेबलस्पेस (डेटाच्या फायली ठेवण्यासाठी नेमलेली वेगळी जागा) सापडत नाही म्हणून सुरूच होईना, तर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असली तरी त्या नावाचे रिकामे फोल्डर घाईने तयार करू नये. ती जागा आदेशाने काढली गेली की हाताने पुसली गेली, हे आधी ठरवावे.

सर्व्हर बंद ठेवून पीजी_वॉलसकट (वॉल म्हणजे डेटातील प्रत्येक बदलाची नोंदवही, तिचे हे फोल्डर) संपूर्ण डेटा डिरेक्टरीची आणि उरलेल्या टेबलस्पेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. पीजी_रीसेटवॉल चालवू नये. तो आदेश वॉलमधील नोंदी टाकून देतो आणि डेटा विसंगत राहू शकतो.

मग सर्व्हरच्या त्रुटी-संदेशांच्या लॉगमधील टेबलस्पेसचा क्रमांक पीजी_टीबीएलएसपीसी फोल्डरमध्ये शोधावा. ड्रॉप टेबलस्पेस आदेश तिथला दुवाही (खऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) काढून टाकतो, त्यामुळे दुवा नसेल तर जागा बहुधा आदेशानेच गेली आहे. वॉल वाचून दाखवणाऱ्या पीजी_वॉलडम्पमध्ये ड्रॉपची नोंद दिसली की खात्री पटते. हा प्रकार विशेषतः स्टँडबाय सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणाऱ्या राखीव सर्व्हरवर) घडतो, कारण रिकव्हरी जुन्या टप्प्यापासून सुरू होते आणि पुढे काढलेल्या जागेत डेटाबेस तयार करण्याची जुनी नोंद तिला पुन्हा राबवावी लागते. ऑगस्ट 2022 मधील 14.5, 13.8 या आवृत्त्यांपासून सर्व्हर अशी जागा तात्पुरती स्वतः तयार करतो आणि सुसंगत स्थितीला पोहोचल्यावर ती काढली गेली आहे का, हे तपासतो. म्हणून आपल्याच मुख्य आवृत्तीतील नवीन दुरुस्ती बसवणे हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे.

दुवा आहे पण तो दाखवतो ती जागा रिकामी आहे, असे असेल तर आधी डिस्क माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) आहे का, ते पाहावे. फायली खरोखरच पुसल्या गेल्या असतील, तर जुन्या बॅकअपमधून तेवढीच टेबलस्पेस आणून बसवता येत नाही, कारण ती संपूर्ण क्लस्टरचाच (त्या सर्व्हरवरील सगळ्या डेटाबेसच्या संचाचाच) भाग असते. पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे साठवलेले वॉल यांवरूनच रिकव्हरी करावी.

यापुढे माउंटची मूळ जागा रूटच्या (सिस्टिमच्या प्रशासक खात्याच्या) मालकीची ठेवून टेबलस्पेस तिच्या आतील उपफोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे डिस्क जोडलेली नसताना सर्व्हर रिकाम्या जागेत लिहू शकणार नाही.