अमेरिकन काँग्रेसकडे भरपाई मागायची तर

माझ्या नवऱ्याला फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची नोकरी लागली तेव्हा सोबत एक पत्र आलं होतं. ओहायोतलं घर विकून न्यू जर्सीला या, एजंटचं कमिशन आणि विक्रीचा खर्च सरकार देईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही घर विकलं. कमिशन आणि कागदपत्रांवर 11,460 डॉलर गेले. बिलं जोडून अर्ज केला, तर उत्तर आलं की घरविक्रीचा खर्च बदली झालेल्या कर्मचाऱ्याला मिळतो, नव्यानं भरती झालेल्याला नाही. पत्र चुकून गेलं. अपिलातही हेच सांगितलं.

मी वीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेशीर सहायक आहे, तरी त्या दिवशी मला रडू आलं. सरकारी माणसानं लेखी चूक केली तरी कायद्यात नसलेला पैसा खजिन्यातून निघत नाही. 1990 साली सुप्रीम कोर्टानं हेच ठरवलं. एका निवृत्त कर्मचाऱ्याला कार्यालयानं चुकीची माहिती दिली, त्यावर विसंबून त्यानं जादा कमाई केली आणि त्याचे काही महिन्यांचे अपंगत्वाचे पैसे गेले. कोर्ट म्हणालं, खजिन्याची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे आहे. म्हणून आम्ही काँग्रेसकडे गेलो.

ह्या वाटेला म्हणतात प्रायव्हेट बिल, म्हणजे एकाच माणसासाठी किंवा कुटुंबासाठी केलेला कायदा. आपल्याकडे लोकसभेत शुक्रवारी खासगी सदस्यांची विधेयकं येतात, ती वेगळी. तिथे 'खासगी' म्हणजे मंत्री नसलेला खासदार. इथे 'खासगी' म्हणजे ज्याच्यासाठी कायदा होतो तो नागरिक.

सुरुवात मात्र इथून करू नका. आधी बाकीची सगळी दारं ठोठावा. सरकारी गाडीनं धडक दिली, सरकारी दवाखान्यात हलगर्जीपणा झाला, तर सरकारकडून नुकसानभरपाई मागायला 1946 चा फेडरल टॉर्ट क्लेम्स अ‍ॅक्ट आहे. त्यासाठी स्टँडर्ड फॉर्म 95 भरून दोन वर्षांच्या आत त्या खात्याकडे द्यायचा. दोन वर्षांच्या आत पोस्टात टाकून चालत नाही, तो पोचायला हवा. आणि रकमेचा रकाना कोरा सोडू नका, 'नंतर कळवतो' असंही लिहू नका. नेमका आकडा हवा. खात्यानं सहा महिन्यांत निकाल दिला नाही तर नकार समजून कोर्टात जाता येतं. नकाराचं पत्र निघालं तर त्या तारखेपासून सहा महिनेच हातात असतात. हे दार उघडं असलेल्या दाव्यासाठी प्रायव्हेट बिल घेऊच नये, असा हाउसचा, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचा नियमच आहे.

सगळीकडून लेखी नकार आला की फाइल बांधा. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा नऊ पानं लिहिली होती, सगळा संताप त्यात. मी ती बाजूला ठेवून दोन पानांत तारखा मांडल्या: पत्र कधी आलं, त्यावर विसंबून आम्ही काय केलं, किती गेले, कोणी कधी नाकारलं. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचा नंबर. मूळ पत्राचं पाकीटही शिक्क्यासकट जपलंय. वाचणाऱ्याला दहा मिनिटांत दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: चूक सरकारची होती, आणि आता दुसरा इलाज उरलेला नाही.

मग आपल्या प्रतिनिधीच्या मतदारसंघातल्या ऑफिसात जा, वॉशिंग्टनला नको. तिथे केसवर्कर, म्हणजे लोकांच्या सरकारी कामांचा पाठपुरावा करणारा कर्मचारी असतो. तो आधी प्रायव्हसी रिलीजवर, म्हणजे तुमची माहिती त्याला द्यायच्या परवानगीवर सही घेतो, त्याशिवाय खातं त्याला तुमचे कागद दाखवत नाही. 'मदत करा' एवढं मोघम म्हणू नका, प्रायव्हेट बिल हवंय असं स्पष्ट सांगा. आमची केसवर्कर तरुण होती, तिनं असं बिल कधी पाहिलंच नव्हतं. मी जुन्या कायद्यांच्या प्रती नेल्या होत्या, त्या तिनं मन लावून वाचल्या. त्यांचा साचा ठरलेला: 'फॉर द रिलीफ ऑफ', पुढे नाव, मग खजिन्यातून इतकी रक्कम द्यावी, आणि शेवटी बहुधा ही अट, की वकिलानं दहा टक्क्यांहून जास्त घेणं बेकायदा. ही अट तुमच्या भल्याची आहे, मसुद्यात असू द्या.

हाउसमध्ये बिल ज्युडिशियरी कमिटीकडे, म्हणजे न्यायविषयक समितीकडे जातं. कमिटी संबंधित खात्याचं मत मागवते, आणि खरी अडचण इथेच येते. तुम्हाला दिलं तर उद्या तशाच शंभर जणांना द्यावं लागेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर अर्जातच द्या. पुढे गेलं तर प्रायव्हेट कॅलेंडर, म्हणजे हाउसमध्ये अशी बिलं घ्यायची यादी: महिन्याचा पहिला मंगळवार, कधी तिसराही. दोन सदस्यांनी हरकत घेतली की बिल परत कमिटीकडे. मग सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, मग राष्ट्राध्यक्षांची सही.

आणखी एक वाट आहे, ती मला जास्त न्याय्य वाटते. हाउस किंवा सिनेट, कुठलंही एक सभागृह ठराव करून दावा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सकडे, म्हणजे सरकारवरचे पैशांचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाकडे पाठवू शकतं. तिथे एक न्यायाधीश पुरावा ऐकतो, तिघांचं मंडळ तपासतं आणि कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं किती देणं लागतं ते काँग्रेसला कळवतं. पैसे द्यायचे की नाही हे तरीही काँग्रेसच ठरवते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेका काँग्रेसमध्ये, म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या मुदतीत, हजारो खासगी कायदे होत. आता बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक इमिग्रेशनचे. हे माहीत असूनही आम्ही मागतोय, कारण लिंकननं 1861 मध्ये काँग्रेसला सांगितलं होतं की दावा सरकारविरुद्ध असला तरी नागरिकाला तत्पर न्याय देणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. मला ते मनापासून पटतं.

काँग्रेसची दोन वर्षं संपली की मंजूर न झालेलं बिल रद्द होतं, पुन्हा नव्यानं मांडावं लागतं. आमचं पहिलं बिल कमिटीतच राहिलं. नवी काँग्रेस विषम वर्षाच्या जानेवारीत बसते, म्हणून प्रायव्हसी रिलीजवर नव्यानं सही करून, नकाराच्या पत्रांच्या नव्या प्रती काढून आम्ही डिसेंबरातच केसवर्करकडे फाइल देऊन आलो.