मोठ्या सरांबद्दल स्टाफला खरंच काय वाटतं, हे कसं विचारायचं

आमच्या शाळेत (नागपुरातलीच, नाव नाही सांगत बावा, नोकरी आहे अजून) मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मीटिंगमध्ये विचारलं, माझं काही चुकत असेल तर मोकळं सांगा. सगळे चूप, फक्त पंखा करकरत होता. मग एक मॅडम म्हणाल्या, सगळं छान सुरू आहे सर. अन् खाली गाड्या काढताना जे बोलणं झालं ते सरांनी ऐकायला पाहिजे होतं.

म्हणून तोंडावर विचारूच नका. जो माणूस आपला गोपनीय अहवाल लिहितो त्याला खरं कोण सांगणार? कागदावर विचारा, नाव नको, आणि विषय, किती वर्षं नोकरी हेही नको, कारण आमच्याकडे संस्कृतला एकच मॅडम, विषय लिहिला की संपलं. अक्षर पण ओळखू येतं, म्हणून टिकमार्कचे प्रश्न जास्त ठेवा. गुगल फॉर्म चालतो पण ईमेल गोळा करायची सेटिंग बंद आहे ना ते आधी बघा. आम्ही सरळ खडूच्या रिकाम्या खोक्याला चिकटपट्टी मारून स्टाफरूममध्ये ठेवलं, आणि कागद मोजले दोन शिक्षकांनी, सरांनी नाही.

आता प्रश्न. "सर चांगले लीडर आहेत का" हा प्रश्न फुकट आहे, सगळे हो लिहितात. वागणं विचारा. पालक भांडायला आले तर सर आधी तुमची बाजू ऐकतात का? गैरहजर शिक्षकांच्या ऑफ तासिका सर सगळ्यांना सारख्या वाटून देतात का, की त्याच तिघांच्या डोक्यावर? वर्गावर पाठ बघून गेल्यावर नंतर काही बोलतात का? माहिती "आजच्या आज द्या" असं किती वेळा होतं? उत्तरं नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. ही पट्टी जुनीच आहे, अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची लीडरच्या वागण्यावरची एक प्रश्नावली आहे, हॅल्पिन या संशोधकांनी 1957 मध्ये तिचं मॅन्युअल काढलं, त्यात दोनच बाजू मोजतात, माणसांची कदर आणि काम नीट आखून देणं. मला हे पटतं. आमच्या सरांचं टाइमटेबल एकदम चोख, पण कोणाची सासू दवाखान्यात आहे हे त्यांना महिनाभर माहीत नव्हतं.

तोच कागद सरांनाही भरायला द्या, स्वतःबद्दल. खरी गंमत दोन कागद शेजारी ठेवल्यावर. आमच्या सरांनी "ऐकून घेतो" समोर नेहमी टिक केलं होतं, स्टाफचं बहुतेक क्वचित.

फक्त सरासरी काढू नका. सकाळपाळी खूश आणि दुपारपाळी वैतागलेली असली तर सरासरी मधातच येते अन् काहीच कळत नाही. पाळीनुसार खोकी वेगळी ठेवा, पण एका पाळीत चारपाचच लोक असतील तर नको, ओळखू येतात.

वेळ म्हणाल तर मार्चमध्ये नाही, पेपर तपासण्यात कोणाला फुरसत नसते. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या पण नाही. पोळ्याच्या सुमारास बरं पडतं.

शेवटी एक जागा रिकामी ठेवा, काहीही लिहा म्हणून. आमच्याकडे एकाने मुद्दाम डाव्या हाताने लिहिलं होतं, "रात्री अकराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज घेऊन जा गे मारबत". (नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवताना असंच ओरडतात, वाईट ते घेऊन जा म्हणून.) सरांनी ते मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवलं, हसले, अन् त्या आठवड्यापासून ग्रुपवर आठनंतर काही येत नाही.