वॉशिंग मशीन घूं घूं करतं, पण पल्सेटर (टबच्या तळाची फिरती चकती) फिरत नाही

रत्नागिरीत समुद्राजवळच्या घरातलं आमचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन टायमर लावला की नुसतं घूं घूं करायचं. असं झालं की लगेच बंद करा. अडकलेल्या मोटरचं वाइंडिंग तापून जळतं.

प्लग काढला, पाणी सोडलं. भावाने मशीन धरलं, मी मागचं झाकण खोललं. पट्टा शाबूत, पुली हाताने मोकळी फिरत होती. म्हणजे संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या भागावर. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरू शकतो, म्हणून हात लावण्याआधी त्याच्या दोन तारांना होल्डरमधला १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडावा. एलईडी चालत नाही. मीटरवर त्याची क्षमता १० मायक्रोफॅरडऐवजी जेमतेम ४ आली. नवा १० चाच, ४४० व्होल्टचा घेतला. स्पिनच्या (कपडे पिळायच्या) मोटरच्या कपॅसिटरचं मूल्य वेगळं असतं, त्यामुळे जुन्यावरचा आकडा वाचूनच दुकानात जावं.

खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवा थर चढला होता. तो पॉलिश पेपरने घासून तारांच्या टोकांना नवे लग (धातूच्या जोडपट्ट्या) घट्ट दाबले. हे काम टाळू नका, सैल जोड तापतो आणि नवा कपॅसिटरही त्यापायी वाया जातो. पट्टा बोटाने दाबल्यावर साधारण १ सेंमी दबावा. जास्त सैल असेल तर मोटरचे बोल्ट ढिले करून ती सरकवावी.