पहिली ते तिसरीचं गणित: मुलं चुकतात तेव्हा आपण करतो त्या चुका टाळा

वहीत ‘५२ − २७ = ३५’ दिसलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, “लक्ष कुठे असतं तुझं?” लक्ष बहुतेक वेळा गणितातच असतं. एककात २ आणि ७ दिसले, दोनातून सात जाईनात, म्हणून पोराने सातातून दोन काढले. पद्धत ठरलेली आहे, फक्त चुकीची आहे. शिवाय ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याच्याकडून आपणच घोकून घेतलेलं असतं. त्यामुळे खाली आणखी दहा वजाबाक्या घालून दिल्यात, तर तीच चूक दहा वेळा पक्की होते. त्याआधी “कसं केलंस, सांग बघू” एवढं विचारा, आणि सांगत असताना मध्ये बोलू नका.

या वजाबाकीवर मला तरी पैशांइतका चांगला उपाय सापडलेला नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि त्याच्याकडे सत्तावीस रुपये मागा. दोन नोटा तो लगेच काढून देईल. सात रुपये मात्र सुटे नाहीत. मग एक नोट मोडायची, तिची दहा नाणी घ्यायची. आता बारा नाणी झाली, त्यातली सात दिली, पाच उरली. नोटा उरल्या दोन. उत्तर २५. हे झाल्यावरच वहीत पाचावर काट मारून ४ आणि दोनाच्या डोक्यावर १२ लिहायला लावा, म्हणजे ती काट कशाची हे त्याला कळेल. ५०३ − १२७ मध्ये मधल्या शून्यापाशी मुलं हमखास अडतात. तिथेही तेच करा: आधी शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा, मग त्यातली एक मोडून दहा नाणी. २०२४ च्या ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच अशी दशक सुटा करायची वजाबाकी जमली होती. तेव्हा अडणारं तुमचं पोर काही एकटं नाही.

दुसरी मोठी अडचण आपल्या संख्यानामांची. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास स्पष्ट ऐकू येतं, मग ५९ लिहिलं जातं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची सवय लावायची आणि शेवटी ‘नव्याण्णव’ समोर ठेवायचं, यात मुलांचा काय दोष? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत विनोद झाले. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी पद्धत पुस्तकातून काढलेली नव्हती, नवी सोबत दिली होती. माझ्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

घरी दोन्ही पद्धती वापरा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून आधी ‘वीस आणि पाच’ म्हणा, मग ‘पंचवीस’, मग लिहा. एकशे पाच १००५ असं लिहिणाऱ्या मुलालाही हाच उपाय. त्याने जसं ऐकलं तसंच लिहिलंय, आधी शंभर, पुढे पाच. आणि शंभरपर्यंत धडाधड म्हणता येतं याचा अर्थ मोजता येतं असा धरू नका. बारा चिंचोके मोजून झाल्यावर “मग किती आहेत?” विचारलं आणि मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर त्याला अजून नुसता क्रम पाठ आहे.

बोटांवर मोजू नको म्हणून दटावणं बंद करा. दटावलं की मूल टेबलाखाली मोजतं आणि कसं मोजतंय ते तुम्हाला दिसत नाही. नेमकं तेच दिसायला हवं. ८ + ५ चं उत्तर १२ आणि १३ − ४ चं १० येत असेल, म्हणजे बेरीज दरवेळी एकाने कमी आणि वजाबाकी एकाने जास्त, तर ते सुरुवातीचा आकडाच पहिल्या बोटावर मोजतंय: ‘आठ, नऊ, दहा, अकरा, बारा’. “आठ डोक्यात ठेव, पहिलं बोट उघडताना नऊ म्हण” एवढं सांगितलं की बहुधा सुधारतं. पुढची पायरी दहा पूर्ण करण्याची: पाचातले दोन आठाला दिले, दहा झाले, वर तीन.

२७ + ३५ = ५१२ हे हातचा विसरल्याचं लक्षण आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण उत्तर पाहून मुलाला काहीच खटकत नाही, हे जास्त काळजीचं. बेरीज मांडण्याआधी “साधारण किती येईल?” विचारायची सवय लावा.

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त’ किंवा ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ही युक्ती शिकवू नका. ‘सईकडे ८ बोरं आहेत. तिच्याकडे ओमपेक्षा ३ बोरं जास्त आहेत. ओमकडे किती?’ इथे युक्तीवालं मूल ११ सांगतं. चित्र काढायला लावा.

पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सात सक्कं विचारल्यावर मूल ‘सात एके सात’पासून गाडी सुरू करत असेल, तर मधूनच विचारा: सात पंचे पस्तीस, मग अजून एक सात मिळवले की?

मोजपट्टी १ पासून लावणाऱ्याला शून्य दाखवा, काम झालं.

आणि घाई करू नका. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टांत पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत संख्यांचं वाचन-लेखन धरलंय. शेजारच्या पोराला पहिलीतच हजारापर्यंत येतं म्हणून तुमच्या मुलाचे काड्यांचे गठ्ठे एवढ्यात माळ्यावर टाकू नका. दुसरीच्या दिवाळीपर्यंत तरी ते हाताशी असू द्या, आणि दशक सुटा करताना अडखळत असेल तर तिसरीतही.