सहा महिन्यांनंतर बाळाला काय आणि कसं भरवायचं

सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून वरचं खाणं सुरू करा, आणि प्लीज ते डाळीचं नुसतं वरवरचं पाणी नको, त्यात काहीच नसतं, पोट भरतं फक्त. घट्ट वरण-भात कुस्करून, चमचा कलता केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत, वर थोडं तूप किंवा तेल, नाहीतर नाचणीचं सत्त्व, खात असाल तर अंडंही चालतं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग हळूहळू वाढवायचं. मध आणि गाईचं दूध वर्षाच्या आत नको, आजी कितीही म्हणाली तरी!

अंगणवाडीतून मिळणारं पोषण आहाराचं पाकीट बाळाचंच असतं, घरभर वाटू नका. दर महिन्याला वजन करा आणि ताईंना दंडाला पट्टी लावायला सांगा, घेर साडेअकरा सेंमीच्या खाली म्हणजे पट्टीवर लाल, म्हणजेच तीव्र कुपोषण, लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं. जुलाब लागले तर खाणं बंद करायचं नाही, ओआरएस द्या आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण.