राज्यपालांचा जीवनपट लिहिताना

राज्यपालपद भूषवलेल्या व्यक्तीचा जीवनपट लिहायला घेतला की जन्म, शिक्षण, निवडणुका, मंत्रिपदे आणि शेवटी राजभवन अशी पदांची माळ ओवण्याचा मोह होतो. तो आवरावा. राज्यपालांच्या सहीने निघालेला प्रत्येक आदेश हा त्यांचा स्वतःचा निर्णय नसतो, आणि हा फरक केल्याशिवाय लिहिलेले चरित्र त्या व्यक्तीवर अन्याय तरी करते, नाही तर तिला फुकटचे श्रेय तरी देते.

आधी तारखा पक्क्या कराव्यात. संविधानाच्या अनुच्छेद 155 नुसार राष्ट्रपती नियुक्ती करतात, पण अनुच्छेद 156 मधील पाच वर्षांची मुदत पदग्रहणापासून मोजली जाते. त्यामुळे कार्यकाळाच्या नोंदीत नियुक्तीची नव्हे, तर शपथविधीची तारीख द्यावी. दुसऱ्या राज्याचा अतिरिक्त कार्यभार असल्यास तो वेगळा नोंदवावा.

मग खरे काम सुरू होते. अनुच्छेद 163 नुसार राज्यपाल सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. विधिमंडळातील अभिभाषणात ते ‘माझे शासन’ असे म्हणतात, मात्र तो मजकूर मंत्रिमंडळाचा असतो, म्हणून त्यातील वाक्ये त्यांची वैयक्तिक मते म्हणून उद्धृत करू नयेत. याउलट बहुमताबद्दल संदिग्धता असताना सरकार स्थापनेसाठी कोणाला बोलावायचे, हा निर्णय त्यांच्या नावावर जातो. महाराष्ट्रात विद्यापीठांचे कुलपती म्हणून केलेल्या कुलगुरूंच्या नेमणुका आणि अनुच्छेद 371(2) खालील विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची विशेष जबाबदारी यांनाही स्वतंत्र परिच्छेद द्यावा. 1994 मध्ये ही मंडळे स्थापन झाल्यानंतरच्या राज्यपालांबद्दल लिहिताना प्रादेशिक अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातील तुटीचा, विषय टाळणे मला अक्षम्य वाटते.

एखाद्या महिन्यातील कृती साऱ्या कारकिर्दीहून जड ठरू शकते. हिमाचल प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेले रामलाल आंध्र प्रदेशचे राज्यपाल असताना, ऑगस्ट 1984 मध्ये त्यांनी एन. टी. रामाराव यांना सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी न देता मुख्यमंत्रिपदावरून दूर केले. देशभर निषेध झाला, रामलाल यांना जावे लागले, त्यांच्या जागी शंकर दयाळ शर्मा आले आणि सप्टेंबरमध्ये रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. रामलाल यांचे चरित्र लिहिणाऱ्याने या प्रसंगाला दोन ओळींत गुंडाळू नये. तारीखवार क्रम, विधानसभेतील संख्याबळ आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे, हे सगळे त्यात यावे.

राजभवन हा राजकारणाचा शेवट असतो, असेही गृहीत धरू नये. शर्मा पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल, 1987 मध्ये उपराष्ट्रपती आणि 1992 मध्ये राष्ट्रपती झाले. विजयालक्ष्मी पंडित 1964 मध्ये महाराष्ट्राचे राज्यपालपद सोडून फुलपूरमधून लोकसभेत गेल्या. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा 2008 मध्ये मुंबईच्या राजभवनातून बाहेर पडले आणि 2009 मध्ये परराष्ट्रमंत्री झाले.

पद का सुटले, हे लिहिताना मुदत संपणे, बदली, राजीनामा, निधन आणि राष्ट्रपतींनी दूर करणे यांत स्पष्ट फरक करावा. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच हे पद असते, तरीही मनमानी कारणाने राज्यपालांना हटवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले आहे. राजीनाम्याचे कारण अधिकृत नोंदींत नसेल, तर केवळ तारीख द्यावी आणि तर्काने ती जागा भरू नये.